हेमनदादा आणि आठवी नळी

हेमनदादा कुणाच्याही घाईला भीक घालत नसत. नळ्या गरागरा फिरवणाऱ्या सेंट्रिफ्यूजचं बटण बंद केलं तरी आतला, नळ्या धरणारा रोटर बराच वेळ फिरत राहतो. बाकीचे लोक झाकण उघडून त्याला फडकं लावायचे आणि थांबवायचे. हेमनदादा मात्र झाकणावर पंजा ठेवून उभे राहत आणि आवाज पुरता विरेपर्यंत जागचे हलत नसत. "बैठनेवाले को आराम से बैठने दो," ते म्हणत. "धक्का दिला की खाली बसलेलं सगळं परत वर येतं."

अंबरनाथला मोरिवलीच्या कडेला आमचा औषधांचा कारखाना होता. मी बदलापूरची, नुकती बी.एस्सी. झालेली, प्रयोगशाळेतली पहिलीच मुलगी. सहा महिने कामावर बघू, मग ठरवू, असं साहेबांनी मला घेतानाच सांगितलं होतं. मुलींना यंत्राजवळ फार जाऊ देऊ नका, हेही त्यांनी माझ्यासमोरच सांगितलं. मी ते ऐकलं नाही असं दाखवलं, पण रोज सकाळी कारखान्याच्या फाटकातून आत शिरताना ते आठवायचं.

काम होतं पपईच्या चिकाचं. चामटोलीकडचे शेतकरी कच्च्या पपईला चिरा पाडून चीक आणून द्यायचे. त्यातलं पाचक प्रथिन वेगळं काढायचं. चीक पाण्यात कालवायचा, गाळायचा, बर्फात ठेवून त्यात अमोनियाचं मीठ घालायचं. पाणी दुधासारखं पांढरं झालं की ते काचेच्या नळ्यांत भरायचं आणि नळ्या रोटरच्या आठ भोकांत बसवून गरागरा फिरवायच्या. प्रथिन तळाशी बसतं. त्यात कौशल्य काय, असं मला पहिल्या आठवड्यात वाटलं होतं. पदवीचा कागद ताजा असला की असंच वाटतं.

हेमनदादा उल्हासनगर कॅम्प एकमधल्या बराकीत राहत. फाळणीआधी सिंधमध्ये ते कॉलेजात मुलांना प्रयोग शिकवायचे. इथे दाखले दाखवता येईनात म्हणून हरकाम्याच्या जागेवर लागले. त्याबद्दल कुणी हळहळलं तर म्हणत, "कागज़ वहीं रह गए, हाथ साथ आ गए." त्यांच्या मुलीचं, कमलाचं शिक्षण मात्र तिकडेच अर्धवट राहिलं. तीही सायन्सला होती, पण दाखल्याशिवाय इथे कुणी घेतलं नाही. आता बराकीत पापड लाटते, एवढंच एकदा बोलले आणि बाटल्या पुसत राहिले.

रोटरच्या बाबतीत त्यांचं सोवळं कडक होतं. समोरासमोरच्या दोन नळ्या तराजूत घालून थेंबाथेंबाने सारख्या करायच्या, मगच आत. आणि काम झालं की रोटर कोमट पाण्याने धुऊन फडक्यावर पालथा घालायचा, कारण मिठाने धातूला खड्डे पडतात. मी म्हटलं, डोळ्यांना दोन्ही नळ्या सारख्याच तर दिसतात. ते म्हणाले, "बेटी, आँख पानी की ऊँचाई देखती है, रोटर वज़न देखता है."

एके दिवशी साहेबांना दुपारपर्यंत नमुना हवा होता आणि हेमनदादा बर्फ आणायला गेलेले. चीक सातच नळ्यांना पुरला. आठवी मी साध्या पाण्याने भरली, अगदी रेघेला रेघ लावून, आणि बटण दाबलं. मिठाचं पाणी साध्या पाण्याहून जड, हे मी परीक्षेत लिहून आले होते. वेग वाढला तसं यंत्र टेबलावर थडथडायला लागलं, आत काच फुटली आणि मी बटण बंद करेपर्यंत रोटरचा दांडा वाकला होता. चीक तर गेलाच, यंत्रही मुंबईला पाठवावं लागणार होतं.

साहेब धावत आले तेव्हा हेमनदादाही बर्फाची बादली घेऊन मागच्या दाराने आत येत होते. आठव्या नळीत साधं पाणी होतं, एवढंच माझ्या तोंडून निघालं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, आठवी नळी कुणी भरली?

"मी भरली, साहब," हेमनदादा म्हणाले. "मेरे हाथ से हुआ."

मी गप्प राहिले. आज इतक्या वर्षांनी लिहितानाही लाज वाटते, पण मी गप्प राहिले. त्याच दिवशी त्यांना बाटल्या धुण्याच्या शेडमध्ये धाडलं.

चार दिवस मी जेवणाच्या सुट्टीत त्या शेडकडे फिरकले नाही. पाचव्या दिवशी गेले. सोड्याच्या पाण्याने त्यांची बोटं चिरली होती. मला पाहून त्यांनी विचारलं ते एवढंच, की आता बर्फ कोण आणतं, आणि तो भुशात नीट गुंडाळून आणतो ना? मी वळले आणि थेट साहेबांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं.

साहेबांनी मला लेखी समज दिली, माझे सहा महिने पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावले आणि हेमनदादांना प्रयोगशाळेत परत बोलावलं. मला वाटलं, दादा खूश होतील. ते तर भडकलेच. "मैं कहीं भी बोतल धो लेता. तुला दुसरी कोणती लॅब घेणार? कमला के लिए कोई झूठ बोलनेवाला नहीं था. तुझ्यासाठी एक होता, त्याचं खोटंही तू वाया घालवलं." दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी निरोप न घेता निघून गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तराजूशी उभं करून शिकवायला लागले, पण तो विषय आमच्यात परत कधी निघाला नाही.

माझी नोकरी टिकली. पुढे काही वर्षांनी साध्या तापाचं निमित्त होऊन हेमनदादा गेले. मी पहिल्यांदाच त्यांच्या बराकीत गेले. कमलाने मला पाणी दिलं, नाव विचारलं आणि म्हणाली, "म्हणजे आठवी नळीवाली तुम्हीच?" मला वर बघवेना. साहेबांना खरं सांगितलं त्या दिवशी मी त्यांचं मन दुखावलं, एवढं मी कसंबसं बोलले.

"दुखावलं? त्या संध्याकाळी दादांनी शेवेची मिठाई आणली. अख्ख्या बराकीत वाटली," कमला म्हणाली. "आम्ही विचारलं, कशाची? बोले, हमारी लैब की लड़की आज पास हो गई."