डाव्या हाताची रायफल

आबा मला पोचवायला कोल्हापूरच्या स्टँडवर आले ते थेट ड्युटीवरून, खाकी गणवेशात. राधानगरीच्या जंगलात ते वनरक्षक होते आणि त्या दिवशी त्यांना सुट्टी मिळाली नव्हती. माझ्या दोन्ही बॅगा त्यांनी स्वतः बसमध्ये चढवल्या. शेजारच्या सीटवरच्या बाई माझ्याकडे संशयानं बघायला लागल्या. खाकीतला माणूस पोरीला बसमध्ये बसवून देतोय म्हणजे काहीतरी भानगड असणार, असं त्यांना वाटलं असावं. आई पदरानं डोळे पुसत होती. आबा खिडकीपाशी येऊन एवढंच म्हणाले, "नवीन रानात गेलं की आधी ऐकायचं. बोलायची घाई करायची न्हाई."

मी जर्मनीला मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकायला निघाले होते. रानाचा तिथे काय संबंध, असं मनात आलं, पण बस सुटली होती.

पुढचं तुमच्यापैकी जे माझ्यासारखे इकडे आले त्यांना सांगायला नको. आम्टच्या, म्हणजे सरकारी कचेरीच्या, खेपा, वोनुंग, म्हणजे भाड्याचं घर, मिळवताना आलेले नकार, गिअरबॉक्स बनवणाऱ्या कंपनीतली पहिली नोकरी. मग महेशशी लग्न. तो वाल्डॉर्फला सॉफ्टवेअरमध्ये आहे. ओडेनवाल्डच्या डोंगरांच्या पायथ्याशी एका गावात आम्ही घर घेतलं आणि ईरा झाली. ईराला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. आयुष्य चांगलं चाललं होतं. फक्त रविवारी दुपारी, गावातली सगळी दुकानं बंद असताना, मला आपण कुणाच्या तरी घरी पाहुणे म्हणून बसलोय असं वाटायचं.

म्हणून मी डोंगरात चालायला जायला लागले. तिथेच फ्राऊ ब्रेनर, म्हणजे ब्रेनरबाई, भेटल्या. तिथल्या वनाधिकारी, उंच, पांढऱ्या केसांच्या, चिखलाने माखलेल्या बुटांच्या. देवदाराच्या एका रोपाजवळ वाकून त्या कुरतडलेला शेंडा बघत होत्या. मी थांबले आणि विचारलं, "हरणानं खाल्लं का?" त्यांनी वर बघितलं. माझे वडील काय करतात हे ऐकल्यावर त्या माझ्याबरोबर तासभर चालल्या. या जंगलात हरणं फार झाली आहेत, त्यांना खाणारं जनावर उरलेलं नाही, नवी झाडं वरच येत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. "शिकार हा इथे जंगल राखण्याचाच भाग आहे," त्या म्हणाल्या. "हिवाळ्यात मी वर्ग घेते. या."

शिकारीचा परवाना मिळवण्याच्या परीक्षेला इथे लोक गमतीनं 'हिरवी बारावी' म्हणतात. झाडं, पक्षी, जनावरांचे रोग, कायदे, बंदुका, सगळं जर्मनमध्ये. मी दिवसभर ऑफिस करायचे आणि संध्याकाळी हरणांचे दात बघून वय ओळखायला शिकायचे. पण आबांना सांगणं परीक्षेपेक्षा अवघड होतं. आयुष्यभर ते हातात फक्त काठी घेऊन जंगलात फिरले. बंदूक घेऊन जंगलात शिरणारा माणूस त्यांच्या लेखी चोर. अशांचा माग काढण्यातच त्यांची सगळी नोकरी सरत आली होती.

"आबा, मी बंदुकीचं लायसन्स काढतेय," एकदा फोनवर सांगून टाकलं.

 आबांनी हळू आवाजात विचारलं, "तुला कोण त्रास देतंय काय तिकडं?"

मी सगळं समजावलं. इथे वाघ नाही, लांडगा जवळपास नाही, वाघाचं काम माणसाला करावं लागतं, त्यासाठी परीक्षा असते. आबा म्हणाले, "वाघ परीक्षा देत न्हाई," आणि फोन आईकडे दिला. त्यानंतर कितीतरी महिने त्यांनी हा विषय काढला नाही. मी काढला की जेवलीस का, विचारायचे.

मी पास झाले. नेमबाजीच्या मैदानावर फ्राऊ ब्रेनरना एक गोष्ट दिसली होती. वर्गातली रायफल उजव्या हाताची होती आणि मी तिच्याशी झटापट करून कसाबसा नेम साधत होते. मी डावरी. लहानपणी ताटाला डावा हात लागला की आई हातावर चापट मारायची. "डाव्या हातानं घ्यायचं न्हाई, द्यायचं न्हाई." त्यामुळे मी उजव्या हातानं जेवते, लिहिते, स्क्रू पिळते. पण नेम धरताना माझा डावाच डोळा पुढे येतो. "तुम्हाला डाव्या हाताची रायफल हवी," फ्राऊ ब्रेनर म्हणाल्या. तोवर अशी काही वस्तू असते हेच मला माहीत नव्हतं.

दुकानदारानं आधी मोठ्या काडतुसाची, भारी रायफल पुढे केली. मोठ्या हरणासाठी ताकद हाताशी असलेली बरी, असं त्याचं म्हणणं. मी उडवून बघितली. खांदा दुखला आणि दुसऱ्या गोळीआधी डोळे आपोआप मिटले. फ्राऊ ब्रेनर शांतपणे म्हणाल्या, "जिच्या धक्क्याची भीती वाटते, तिचा नेम चुकतो. आणि नेम चुकला तर त्रास जनावराला होतो." मग त्यानं आतून एक जुनी रायफल आणली, साडेसहा मिलिमीटरच्या लहान काडतुसाची, एका डावऱ्या म्हाताऱ्या शिकाऱ्यानं नजर गेल्यावर विकलेली. काडतूस आत सारणारा बोल्ट डावीकडे. मी तो मागे ओढला, पुढे सरकवला. इतकी वर्षं यंत्रांत काढल्यावर चांगली घडण हाताला कळते. तो तुपातून सरकावा तसा सरकला. खांद्याला टेकवायचा दस्ता लांब होता, तो कापून माझ्या मापाचा करून घेतला. माझ्या हातासाठी घडवलेली ती माझ्या आयुष्यातली पहिली वस्तू. रायफल घरातल्या पोलादी कपाटात कुलूपबंद झाली, तेव्हा महेश म्हणाला, "दागिन्यांसाठी कधी एवढं कपाट घेतलं नाहीस."

पण रायफल असली म्हणून जंगल मिळत नाही. सरकारी जंगलात मोठ्या लाल हरणांचे मोजकेच परवाने असतात आणि मागणारे पुष्कळ. म्हणून उन्हाळ्यात वनकचेरीच्या अंगणात चिठ्ठ्या काढतात. पहिल्या वर्षी माझं नाव निघालं नाही. बिअरचे ग्लास घेतलेल्या, पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना ओळखणाऱ्या त्या माणसांतून मी गुपचूप गाडीकडे गेले. दुसऱ्या वर्षी पुन्हा गेले. एकेक नाव वाचलं जात होतं. शेवटून दुसरी चिठ्ठी उघडली आणि वाचणारा अडखळला. "फ्राऊ... गो... गोर..."

जर्मनीत कुणी नावाशी अडखळलं की ते आपलंच असतं. पुढचं 'पडे' येईपर्यंत मी उभी राहिले होते. अंगणात टाळ्या वाजल्या, आणि ज्यांच्याशी मी कधी बोलले नव्हते ते येऊन हात मिळवून गेले. मला पहिल्या शिंगांच्या एका तरुण नराचा परवाना मिळाला होता. मादी नाही, पिल्लू नाही, मोठा नर नाही.

त्या शरद ऋतूत आई-आबा आमच्याकडे आले. आबा निवृत्त झाले होते. फ्राऊ ब्रेनर भेटायला आल्या तर त्यांचा गणवेश बघून आबांनी सवयीनं टाचा जुळवल्या आणि कडक सॅल्यूट ठोकला. फ्राऊ ब्रेनरनीही तितकाच कडक परत केला. दोघांमध्ये एक सामाईक शब्द नव्हता, पण मी भाषांतर करत राहिले आणि चहा दोनदा झाला. शेवटी आबा मला म्हणाले, "येतो मी तुझ्यासंगं. नुसता बघणार."

लाकडी मचाणावर आम्ही संध्याकाळी बसलो, आबा महेशच्या जाड जॅकेटमध्ये. उजेड कमी होत असताना हरणं आली. एक मादी, तिचं पिल्लू, आणि त्यांच्या पुढ्यात अगदी हवा तसा तरुण नर. मी दुर्बिणीतून बघत राहिले. त्याच्या बरोबर मागे मादी उभी होती. गोळी पार झाली तर तिला लागली असती. बोट चापाजवळ नेलंच नाही. तो सरकेल म्हणून वाट बघितली, तो सरकला नाही, आणि तिघंही झाडीत गेली. तो परत दिसला नाही तर पुन्हा वर्षभर चिठ्ठीची वाट बघायला लागणार, हे मला ठाऊक होतं.  आबा घरी येऊन जेवले आणि झोपले.

सकाळी मी उठले तर ते बूट घालून तयार.

धुकं विरत होतं तेव्हा तोच नर एकटा उघड्यावर आला, आडवा, स्वच्छ. मागे मातीचा उतार. मी श्वास सोडला आणि चाप ओढला. तो चार ढांगा गेला आणि पडला. नेम लागला होता जिथे लागायला हवा तिथेच. आम्ही थांबलो, मग उतरलो. गोळीचा आवाज ऐकून फ्राऊ ब्रेनर आल्या. त्यांनी देवदाराची एक डहाळी मोडून हरणाच्या तोंडात ठेवली. "शेवटचा घास," मी आबांना सांगितलं. आबांनी डोक्यावरची टोपी काढली.

दुसरी डहाळी शिकाऱ्याला द्यायची असते. फ्राऊ ब्रेनरनी ती माझ्याकडे न देता आबांच्या हातात ठेवली आणि माझ्याकडे बोट केलं. आबांनी ती दोन्ही हातांत धरून माझ्यापुढे केली. "काल तू गोळी झाडली न्हाईस," ते म्हणाले, "तवाच मी म्हटलं, ही चोर न्हाई. ही आमच्यातली." मी हसत होते आणि नाक पुसत होते, दोन्ही एकदमच.

त्या रविवारी आईनं हरणाच्या मटणाचा तांबडा रस्सा केला, कोल्हापूरहून आणलेल्या चटणीचा. फ्राऊ ब्रेनर घामाघूम झाल्या आणि तरी त्यांनी तीनदा वाढून घेतलं. ईरानं आजोबांना विचारून विचारून सगळी गोष्ट ऐकली आणि पहिल्यांदाच अख्खी संध्याकाळ मराठीत बोलली, कारण आबांना दुसरी भाषा येत नव्हती.

गावी राहिलेले तुम्ही मला विचारता, घरी कधी येणार. येतेच दरवर्षी. पण घर म्हणजे काय याचं उत्तर आता मला फार शोधावं लागत नाही. इथल्या ज्या पायवाटांवर मी पाहुणी होते, तिथली कुरतडलेली रोपं बघून आता मला वाईट वाटतं, आणि वर आलेली बघून अभिमान. जिथलं बरंवाईट आपल्या अंगाला लागतं, तिथे आपण राहायला आलेलो असतो.

परवा आबांचा फोन आला. तब्येत, ईराची शाळा, काही विचारायच्या आधीच ते म्हणाले, "थंडी लई हाय म्हणं. आपल्या रानात बर्फ पडला काय?"

राधानगरीत बर्फ पडत नाही. "पडला, आबा," मी म्हटलं. "आपलं रान पांढरं झालंय."