मरणावरच्या कराला भिऊन पळालेले आप्पा

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येतं आणि मग भूक लागते. निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. नेमणूक उदगीरला. माझा आवाज तेव्हा असा होता की मी ठाण्यात नुसता खाकरलो तरी किल्ल्यावरची कबुतरं उडायची. विश्वास नसेल तर कबुतरांना विचारा.

एका सकाळी एका डाळमिलवाल्यांचा थोरला मुलगा आला आणि ठाणे अंमलदाराच्या टेबलावर त्यानं मूठ आपटली. "आमच्या आप्पांना पळवलं साहेब! घराची कागदंबी गेली!"

आप्पा म्हणजे त्याचे वडील. वय ऐंशीच्या घरात, मिलचे मूळ मालक. संशय कोणावर, असं विचारल्यावर यानं श्वाससुद्धा न घेता भावजयीचं नाव घेतलं. धाकटा भाऊ अपघातात गेला होता. त्याची बायको मुलीला घेऊन गावातल्या जुन्या घरात राहायची आणि आप्पाही तिच्याकडेच असायचे. थोरल्याला त्या घराच्या जागी गोदाम बांधायचं होतं.

"तिचा भाऊ लातूरला हाय. त्यानंच म्हाताऱ्याला डांबलं असंल. एक सही घेतली की घर तिचं! तिला आत घ्या साहेब, दोन मिनिटांत बोलती व्हईल."

बापाच्या तब्येतीबद्दल एक वाक्य आणि घराबद्दल दहा. असा फिर्यादी मी जरा डोळे बारीक करूनच ऐकतो. तरी म्हातारा माणूस, त्यात साखरेचा आजार. मिसिंगची तक्रार दाखल केली, स्टेशन डायरीत नोंद घेतली आणि खबऱ्यांना कामाला लावलं.

दुपारच्या आत एसटी स्टँडवरच्या चहावाल्याचा फोन आला. "साहेब, आप्पा लातूरच्या गाडीत बसले. मी सोता पाह्यलं."

"सोबत कोण?"

"कुणीच न्हाई. कंडक्टरशी भांडत व्हते, खिडकीच्या जागेवरून."

लातूर म्हटल्यावर थोरल्याला जोरच चढला. "बघा! तिनंच पढवून धाडलं!"

मग महिला पोलीस सोबत ठेवून धाकट्या सुनेचा जबाब घेतला. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. तिचा लातूरचा भाऊ शहरात नव्हताच, मुलीच्या लग्नासाठी नांदेडला गेला होता, याची आम्ही तोवर खात्री केली होती. तरीही प्रश्न विचारणं भाग होतं.

"आप्पांनी तुमच्याकडून काही घेतलं होतं?"

"आधार कार्ड आन् फोटो मागितला. मी दिला. कशाला, ते इचारलं न्हाई."

"ते घरात नाहीत हे कळलं कसं?"

"पूजेचं पाणी ठेवायला गेले, तर पेटीच जाग्यावर न्हाई."

माझा पेन थांबला. विभूती, पूजेचं सामान, सगळं त्या पेटीत. आप्पा पक्के लिंगायत, इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नसत. आता मला सांगा, कोणता अपहरणकर्ता म्हणतो, 'आप्पा, पेटी घ्या, विभूती विसरू नका'? माणूस स्वतःच्या पायानं गेला होता. आणि असा माणूस लातूरला हॉटेलात उतरणार नाही. जिथं पूजेला जागा, तिथंच तो असणार.

जीप अशी हाकली की रस्त्यातले खड्डे बाजूला होऊन वाट देत होते. लातूरचे लिंगायत मठ धुंडाळायला घेतले, आणि दुसऱ्याच मठात आप्पा सापडले. डाव्या तळहातावर लिंग, डोळे मिटलेले. मी बूट काढून पुढं झालो, तर एक स्वामी हळूच म्हणाले, "पूजा मोडायची न्हाई. बसा." भल्याभल्या दरोडेखोरांना उभ्या उभ्या घाम फोडणारा मी, मुकाट मांडी घालून बसलो. ती पूजा इतकी चालली की मला वाटलं माझी निवृत्ती तिथंच होणार. नंतर पंगतीत हुग्गी वाढली, गव्हाची गूळ घातलेली खीर. मी ती इतकी खाल्ली की आचारी बाहेर येऊन माझं तोंड बघून गेला.

"आप्पा, गावात बोंब उठलीय. का पळालात?"

"मग काय करू? माझा बाप मेला तवा सरकारनं मरणावर कर घेतला. आडतीचं दुकान इकून भरला आम्ही. आता टीव्हीवर रोज वारसा कर, वारसा कर म्हणून राहिलेत. मी मेलो की थोरला म्हणंल, कर भरायचा हाय, घर इका. धाकट्या सुनेनं पोरीला घेऊन कुठं जावं?"

"अहो, तो जुना कायदा कधीच रद्द झाला. ही नुसती चर्चा आहे."

"चर्चेचा कायदा व्हायला कितीक येळ लागतो? आन् वकील म्हणला, मेलेल्या पोराच्या बायकोला राहतं घर बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क नावापुरतं. ही सवलत तरी उद्या राहील का? म्हणून लातूरला येऊन बक्षीसपत्राचा मसुदा करून घेतला. डॉक्टराकडून शुद्धीत असल्याचा दाखलाबी घेतला. उदगिरात केलं असतं तर चहा थंड व्हायच्या आत थोरल्याला कळलं असतं."

स्वखुशीनं गेल्याचा जबाब घेतला आणि आप्पांना ठाण्यात आणलं. थोरला बापाला बघून अक्षरशः हंबरला. खरं सांगतो, ते रडणं नाटकी नव्हतं.

"सांगून तरी जायचं आप्पा!"

"सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंस का?"

मी मिशीवरून हात फिरवत छताकडं बघत राहिलो. पोलिसानं कुठल्या वेळी तोंड उघडायचं नाही, हे कळायला मला अख्खी नोकरी लागली.

"उद्या बक्षीसपत्र नोंदवायचं. साक्षीदार म्हणून सही तुझी पायजे," आप्पा म्हणाले. "मिल तुझीच हाय, तेबी लिहून ठेवलंय."

थोरल्यानं नाक पुसलं. भावजयीकडं न बघताच म्हणाला, "करतो."

त्या प्रकरणात गुन्हा सापडला नाही, आणि मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. कायदे बदलतात, कर येतात-जातात. त्याची चौकशी करायला वकील आहेत. पण आप्पा सरकारपेक्षा पोटच्या मुलाला जास्त भ्याले होते. जे शेवटी ठाण्यात चारचौघांत सांगावं लागलं, ते घरात ताटावर बसून सांगता आलं असतं. एवढं मी त्या दिवशी शिकलो, आणि घरी जाऊन माझ्या पोरांना समोर बसवलं.

दुसऱ्या दिवशी नोंदणी कार्यालयाच्या दाराशी मीही उभा होतो. कामाचं निमित्त काढलं होतं म्हणा. थोरल्यानं सही केली. धाकटी सून कागद छातीशी धरून बाहेर आली आणि सासऱ्यांना हळूच म्हणाली, "आप्पा, आता गच्चीवर पाण्याची टाकी बसवू का?"

आप्पा टोपी सारखी करत खेकसले, "मला काय इचारती? घर तुझं हाय."