बंधाऱ्याचे सोळा दरवाजे

निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण बंधाऱ्याच्या दरवाजांची ती फिर्याद अजून मनातून गेलेली नाही. आठवली की आजही हसू येतं.

तेव्हा मी भोकरदन तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. आमच्या हद्दीत नदीवर आठ गाळ्यांचा छोटा बंधारा होता. दोन खांबांमधल्या प्रत्येक गाळ्यात एकावर एक बसवलेले लोखंडी दरवाजे. पावसाळा सरला की दरवाजे लावायचे, पाणी तुंबायचं आणि मग दर रविवारी केदारखेडा, जाफराबादकडून माणसं लेकरंबाळं घेऊन पोहायला यायची. काठावर पन्नाशीतल्या एका बाईंची भज्यांची गाडी होती. सगळे त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणत. पोहून आलेला माणूस त्यांच्या कढईपाशी थांबल्याशिवाय घरी जात नसे.

एका शनिवारी सकाळी मी हजेरी घेत होतो. तेवढ्यात गावचे सरपंच आले.

"साहेब, बंधाऱ्याचे सोळा दरवाजे चोरीला गेले. पाणी निम्म्यावर आलं. उद्या पोहण्याची शर्यत हाय, दहा गावचे लोक येऊन राह्यले. आता पोहायचं कशात?"

गुन्हा नोंदवला आणि जमादारांना घेऊन पंचनाम्याला गेलो. भंगारासाठी असे दरवाजे चोरीला जातात, हे मला नवीन नव्हतं. पण चोर एखादा गाळा तळापर्यंत रिकामा करतो आणि पळतो. इथे आठही गाळ्यांतले फक्त वरचे दोन-दोन दरवाजे काढले होते. सांध्यातल्या रबरी पट्ट्या गुंडाळून खांबाला नीट बांधून ठेवल्या होत्या.

जमादार म्हणाले, "साहेब, चोर मोठा नेटका हाय."

दुपारी ठाण्यात खबर आली. प्रवाशांची वडाप जीप चालवणाऱ्या एकाने सांगितलं, की काल बाजाराच्या दिवशी, गाव रिकामं असताना, बंधाऱ्याकडून एक टेम्पो जाताना दिसला. आत ताडपत्रीखाली लोखंड होतं आणि वर एक कढई पालथी घातली होती. एवढी मोठी कढई त्या पंचक्रोशीत एकीचीच.

बाईला चौकशीसाठी ठाण्यात बोलवत नाहीत. महिला शिपाई सोबत घेऊन मी खालांच्या घरी गेलो. त्यांनी अंगणात ताडपत्री घातलेल्या एका ओट्यावर आम्हाला बसवलं आणि चहा ठेवला. मी दरवाजांचा विषय काढला.

"दरवाजे? मला काय भजी तळायची हायेत त्यांची?"

मी घरात नजर फिरवली. उद्या त्यांच्या धंद्याचा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. पण घरात ना कांद्याचं पोतं, ना बेसन.

"खाला, उद्या शर्यत होणार नाही हे तुम्हाला आधीच माहीत होतं ना?"

त्यांनी चुलीवरून चहा उतरवला. मग म्हणाल्या, "उठा साहेब. तुम्ही त्याच्यावरच बसलात."

ताडपत्री काढली. सोळा दरवाजे, एकावर एक रचलेले. महिला शिपायाला हसू आवरेना.

"का केलंत हे?"

"इथं सांगून कळणार न्हाई. नदीवर चला."

बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला त्या मला तिसऱ्या खांबाच्या पायथ्याशी घेऊन गेल्या. वरचं पाणी स्वच्छ होतं, पण पायथ्यातून निघणारी धार गढूळ होती. त्यांनी ओंजळ भरून माझ्यापुढे धरली. तळाशी वाळू बसली.

"माझे अब्बा बंधाऱ्याच्या कामावर गवंडी होते. ते म्हणायचे, पाणी गळलं तर चालतं, माती घेऊन गळलं तर खरं न्हाई. मी रोज सकाळी इथं भांडी घासते. चार दिवसांपासून माती येऊन राह्यली. सरपंचाला सांगितलं, तर म्हणे शर्यत झाल्यावर बघू. पाटबंधाऱ्याच्या हापिसात फोन लावला, तर म्हणे अर्ज द्या. मंग वेल्डिंगवाल्या जावयाला टेम्पो अन् ओढायची साखळी घेऊन बोलावलं. वरचे काढले की पाण्याचा जोर कमी. हिशेब बराबर हाय का न्हाई?"

मी तिथूनच फोन करून पाटबंधारे खात्याच्या इंजिनिअरना बोलावलं. तासाभरात ते आले, सरपंचही आले. इंजिनिअरनी पायथ्याशी बांबू घातला. तो पुरुषभर आत गेला आणि कशालाच टेकला नाही. बंधाऱ्याखालची माती वाहून गेली होती. उद्या वर दोनेकशे माणसं उभी राहणार होती.

इंजिनिअर हळूच म्हणाले, "उरलेलेही काढा. आत्ताच."

सरपंचांनी धोतर खोचलं आणि खालांना विचारलं, "जावयाची साखळी कुठाय?"

संध्याकाळपर्यंत अर्धं गाव बंधाऱ्यावर होतं. मीही टोपी काढून साखळी ओढली. रविवारी दहा गावची माणसं आली ती पोहायच्या तयारीने, आणि दिवसभर त्यांनी वाळूच्या गोण्या भरल्या. आटलेल्या डोहात मासे सापडले, तो आरडाओरडा वेगळाच. बेसन सरपंचांनी आणून दिलं, आणि खालांची कढई दुपारपर्यंत उतरली नाही.

लबाडीचा हेतू नसल्याने मी न्यायालयात ‘क’ समरी, म्हणजे गैरसमजातून नोंदलेला गुन्हा बंद करण्याचा अहवाल पाठवला. पुढच्या हंगामाआधी पायथ्याला काँक्रीट झालं, खांबावर खोलीच्या खुणा रंगवल्या, पोहणाऱ्यांसाठी आडवा दोर बांधला. मला शर्यतीचं आमंत्रण आलं होतं. दरवाजे लावल्यावर खालांनी सलग तीन दिवस सकाळी खालचं पाणी ओंजळीत धरून पाहिलं, आणि चौथ्या दिवशी सरपंचांना म्हणाल्या, "आता मारा उड्या." पहिली उडी सरपंचांनीच मारली.

नोकरीभर मला एकच शिकवलं होतं: गुन्हा झाला की फायदा कुणाचा झाला ते शोधा. त्या प्रकरणापासून मी आणखी एक प्रश्न विचारू लागलो: स्वतःचं नुकसान सोसून हे कुणी केलं असेल? फार वेळा त्याचं उत्तर सापडलं नाही. पण जेव्हा सापडलं, तेव्हा अंगावरच्या वर्दीचा अभिमान वाटला, आणि समोरच्या माणसाचा त्याहून जास्त.