आभाळी दोरा

काठीवाल्याने पुन्हा ब्लेड उचललं आणि स्वतःच्याच हातांनी गुंडाळलेला दोरा खरवडायला बसला. हौशी मासेमारांना तो मापाच्या गळाच्या काठ्या बनवून देई, म्हणून सगळे त्याला काठीवालाच म्हणत. दोरी ज्यांतून सरकते त्या बारीक कड्या काठीवर ठेवायच्या, दोऱ्याचे वेढे एकाला एक चिकटवत त्या आवळायच्या आणि वरून इपॉक्सीचा पारदर्शक लेप चढवायचा. काम हातात मुरलेलं. पण ही काठी भाऊजींची होती, आणि भाऊजींनी त्याच्या नाकी नऊ आणले होते.

भाऊजी म्हणजे त्याच्या ताईचे यजमान. त्यांचा जन्म दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेला. आता निवृत्त होऊन मासे धरायचं मनावर घेतलं होतं. त्यांनी बजावलं होतं, "दोरा आभाळी निळा हवा. सकाळचं आभाळ, दुपारचं नव्हे."

पहिल्यांदा चूक काठीवाल्याचीच झाली. रिळावर आभाळी दिसणारा दोरा लेप पिताच शाई सांडल्यासारखा काळवंडला. रंग धरून ठेवणारा पातळ थर आधी द्यायचा, तो भाऊजींच्या घाईपायी राहून गेला होता. त्याने मुकाट्याने सगळं कापून काढलं.

पुढच्या वेळी थर दिला. रंग तसूभर हलला नाही. भाऊजींनी काठी खिडकीशी नेली, वरखाली फिरवली.

"हिरवट आहे."

"हिरवट?"

"शेवाळासारखा. तुझ्या या दिव्यात काय दिसणार म्हणा!"

त्याने दिवा बदलला. लेपाखालीही न बदलणारा दोरा मागवला. भाऊजी म्हणाले, मळकट. बारीक दोरा घेतला, चकाकणारा घेतला. भाऊजींचं नाक मुरडलेलंच. ज्या माणसाने अख्ख्या बाजाराला रंग दिला तो हिरवट म्हणतोय, म्हणजे खोट आपल्यातच असणार, असं वाटून काठीवाला रात्री-अपरात्री रीळ घेऊन घरभर हिंडू लागला. कधी ते भिंतीला लावून बघ, कधी उशीच्या अभ्र्याला.

"आता पडद्याचेही दोरे उसवणार का?" बायको वैतागली. "सरळ सांगा त्यांना, जमत नाही म्हणून."

"जमत नाही कसं? जमलंय! त्यांनाच पटत नाहीये!"

शेवटी त्याने भाऊजींनाच बोलावलं. म्हटलं, तुम्हीच निवडा, मग माझ्या डोक्याला ताप नको. टेबलावर रिळं मांडली. भाऊजींनी त्यातली दोन उचलून शेजारी शेजारी धरली आणि हसले.

"एकाच रंगाची दोन कशाला आणलीस?"

एक निळं होतं, दुसरं हिरवं.

काठीवाल्याच्या तोंडाला लगाम बसला नाही. "भाऊजी, दोऱ्यात काही नाही. डोळे दाखवून घ्या."

भाऊजींनी रिळं खाली ठेवली. "मला रंग शिकवतोस?" एवढं बोलून चपला घातल्या आणि चालू लागले. पायरी उतरताना त्यांनी हाताने कठडा चाचपला. हे त्याने आजवर पाहिलंच नव्हतं. त्याला स्वतःचीच चीड आली.

संध्याकाळी ताईचा फोन. "काय बोललास त्यांना? जेवले नाहीत."

"ताई, त्यांना मोतीबिंदू असेल गं."

"मला संशय होताच," ती म्हणाली. "परवा दुधाच्या पातेल्यावरून भांडत होते, दूध पिवळं पडलंय म्हणून. पण रंगाऱ्याला हे कोण सांगणार? मी नाही धजले. तू सांगितलंस, आता दवाखान्यातही तूच ने."

नेलं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग दुसऱ्याचं. दरम्यान काठीवाल्याने आपल्याला पटलेला निळा दोरा बांधला, लेप दिला आणि काठी कोपऱ्यात उभी केली. पुन्हा नावं ठेवली तर मोडून टाकीन, असं बायकोला ऐकवूनही ठेवलं.

भाऊजी आले ते नवा चष्मा लावून. काठी हातात घेतली आणि निळ्यावर एक नजर टाकून पसंतीची मान डोलावली. काठीवाल्याने श्वास सोडला.

भाऊजी मात्र वाकून एकेक कडी न्याहाळत पुढे सरकले. तिसऱ्या कडीपाशी थबकले.

"इथे लेपात तुझा केस अडकलाय रे," ते म्हणाले. "आणि हा वेढा दुसऱ्यावर चढलाय. असं काम करतोस होय?"

काठीवाल्याने जवळ जाऊन पाहिलं. केस होता. त्याने दात आवळले आणि ब्लेड शोधायला ड्रॉवर उघडला.