पाण्याची रेघ

हे मी घरीसुद्धा बोललेलो नाही. तुम्हाला सांगतोय — आणि अजूनही हात अडतोय.

गंगापूर रोडच्या एका लॅबमध्ये मी कॉलेज सांभाळून काम करतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडील झेंडू लावतात. दसऱ्याला मी पिशवीभर फुलं नेली, लॅबमधली सगळी पिपेटं — थेंब मोजून उचलायची आमची हत्यारं — एका पाटावर मांडली आणि पूजा केली.

नमुने भरायच्या खोलीतली पिपेटं वेगळी, तपासून झालेल्या नळ्यांच्या खोलीतली वेगळी. ती एकत्र आणायची नसतात. तपासलेल्या नळीत जंतूच्या खुणेच्या असंख्य नकला तयार झालेल्या असतात; त्यातलं डोळ्याला न दिसणारं काही चिकटून आलं, तरी पुढची तपासणी खोटी होते. मला शिकवलं होतं हे. पण दसऱ्याला हत्यारं वेगवेगळी कशी पुजायची?

प्रत्येक खेपेला एका नळीत नुसतं पाणी भरतात. जंतू असला की स्क्रीनवर नळीची रेघ वर उठते; पाण्याची शेवटपर्यंत सपाट राहायला हवी, नाहीतर ती अख्खी खेप बाद. दुसऱ्या दिवशी ती बराच वेळ सपाट होती. मग — हळूच उठली. पाण्याला टीबी झाला होता.

निफाडकडच्या एका बाईच्या नमुन्याची रेघही तिथेच उठली. तशीच. एकीवर दुसरीची सावली पडावी तशी.

लॅबच्या सरांनी दारातूनच विचारलं, "पाणी क्लीन आहे ना रे?"

"हो सर."

का म्हणालो? पूजेचं बाहेर आलं असतं — एवढंच.

रिपोर्ट घ्यायला ती बाई सासूबरोबर आली, कडेवर तान्हं. सासूने ते तिथेच काढून घेतलं. "आता याला जवळ घ्यायचं नाय हां. पाजायचं बी नाय." बाळ रडायला लागलं आणि तिच्या ब्लाउजवर ओल पसरत गेली. तोंडावर पदर धरून ती मला म्हणाली, "दादा, परत एकदा बघता का? खोकला तर थांबलाय माझा."

तिचा उरलेला नमुना आत फ्रीजमध्ये होता.

मी म्हणालो, "मशीन खोटं बोलत नाही, ताई."

नंतर सगळी पिपेटं धुतली, पुसली. आता पाण्याची रेघ सपाट येते. तरी मी तिच्यावरून नजर काढत नाही — मान वळवली की ती उठेल असं वाटतं.

त्या बाईला आजार होता का? मला माहीत नाही. तिची औषधं सुरू झाली असतील.

तो उरलेला नमुना त्याच दुपारी मी फेकला.