भोंगाबाईने गाळलेली ओळ

तिचं खरं नाव हजेरीच्या वहीत असेल तेवढंच. लाँड्रीपासून चर्चपर्यंत सगळे तिला भोंगा म्हणत. तोंडावर भोंगाबाई, एवढाच काय तो मान. अहो, पण तिचा काय दोष? एकतीस वर्षं धडधडणाऱ्या यंत्रांशेजारी उभं राहून बोलायचं म्हणजे आवाज चढणारच. तो जो चढला तो घरी आल्यावरही उतरेना. तिचा नवरा मितभाषी होता, म्हणजे त्याला दुसरा काही इलाजच नव्हता.

चर्चमध्ये मात्र हा आवाज सगळ्यांच्या कामी यायचा. प्रभूची प्रार्थना सगळे तिच्या मागोमाग म्हणत. ती थांबली की थांबत, ती निघाली की निघत. पाळकसुद्धा! त्यामुळे ती एका ओळीवर गप्प झाली, तेव्हा ते सगळ्या चर्चला कळलं.

झालं असं, की तिला एक धाकटी जाऊ होती. लग्न होऊन आली तेव्हा तिला साध्या रुमालाची घडी धड येत नव्हती. भोंगाबाईने तिला लाँड्रीत लावलं, डाग काढायला शिकवलं, इस्त्री धरायला शिकवलं. पाठच्या बहिणीसारखी माया केली हो! आणि या बयेने काय करावं? एका नवरीचा पांढरा झगा तिच्या हातून जळला. नेमका छातीवर, चांगला इस्त्रीच्या आकाराचा डाग. मालकीणबाई कडाडल्या, "कुणी केलं हे?" जावेने मान खाली घातली आणि म्हणाली, "ताईंनी."

भोंगाबाई जन्मात पहिल्यांदाच अवाक झाली. तिने तोंड उघडेपर्यंत निकाल लागलासुद्धा. इस्त्रीचं टेबल जावेला मिळालं आणि भोंगाबाईची रवानगी ओल्या चादरींकडे झाली.

तेव्हापासून तिच्या छातीत जळजळ सुरू झाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, वर तिखट बंद करायला सांगितलं. "तिखट कसलं बंद करताय? माझी जाऊ बंद करा!" असं तिने सुनावलं. बाहेर बसलेल्या पेशंटांनीही ते ऐकलं.

रविवारी ती तिसऱ्या बाकावर बसायची, जाऊ पाचव्या. आमचा अपराध करणाऱ्यांना आम्ही क्षमा केली, तशी आम्हालाही कर, अशा अर्थाची ती ओळ आली की भोंगाबाईचे ओठ मिटत. नवऱ्याने एकदा धीर करून विचारलं.

"मी केलेली नाही क्षमा," ती म्हणाली. "मग केली म्हणून देवालाच थाप मारू? त्याला काय दिसत नाही?"

पहिल्या रविवारी अर्धे लोक थांबले, अर्धे पुढे गेले, आणि शेवटी सगळ्यांचीच गाडी घसरली. पण माणसाला सवय होते. काही महिन्यांत ती ओळ आली की अख्खं चर्च थांबायचं, घसे खाकरायचं आणि पुढच्या ओळीला भोंगाबाईबरोबर निघायचं. पाहुण्यांना वाटे, ही इथली मौनाची खास पद्धत. एका बाईने तर डोळे पुसत पाळकांचे आभार मानले.

भोंगाबाईला मात्र यात कसली आलीय गंमत! ती ओळ तिला आईने मांडीवर बसवून शिकवली होती. जावेचं काय व्हायचं ते होवो, तिला स्वतःला बरं व्हायचं होतं. शेवटी ती पाळकांकडे गेली.

"क्षमा करा, असं सांगू नका. ते मला पाठ आहे. ती करतात कशी ते सांगा."

पाळक म्हणाले, "रोज तिच्यासाठी देवाकडे एक चांगली गोष्ट मागा."

आठवड्याने ती परत हजर. "मागितलं. देवा, तिला सुबुद्धी दे."

"हा टोमणा झाला."

"तिला उदंड आयुष्य दे, म्हणजे पस्तावायला वेळ मिळेल, असंही मागितलं."

पाळकांनी हात जोडले. "बाई, तिला स्वतःला जे हवंय ते मागा ना!"

आता आली का पंचाईत! तिला काय हवंय ते कळायचं तर तिच्याकडे बघायला हवं, आणि भोंगाबाईने वर्षभर तिचं तोंड पाहिलं नव्हतं. ती चादरीआडून बघू लागली. जाऊ एकटीच डबा खात होती. बोटांना चटक्यांच्या पट्ट्या होत्या.

"देवा, तिची बोटं बरी कर," त्या दिवशी ती म्हणाली. "यात टोमणा नाही, तूच तपासून बघ."

मग मागण्या वाढल्या. जावेचे गुडघे, जावेची झोप, आणि त्या झोपेसाठी दिराचं घोरणं. एके दिवशी नवऱ्याने गोळ्यांची बाटली दाखवली. गेल्या खेपेची ती भरलेलीच होती, आणि मुदत संपून महिना झाला होता; जळजळ कधी थांबली, ते तिला कळलंही नव्हतं.

त्याच आठवड्यात भरदुपारी वाफेच्या प्रेसचं झाकण खाली येत होतं आणि जावेचा हात अजून आतच होता.

"डावा हात मागे घे!"

सगळ्या यंत्रांच्या वर तो आवाज गेला. जावेने हात ओढला आणि झाकण रिकाम्या कापडावर आदळलं. पोरीचा हात वाचला म्हणून भोंगाबाईला इतकं हायसं वाटलं, की ती ओल्या चादरींवरच बसली. मनात राग शोधायला गेली, तर तो जागेवर नव्हता.

रविवारी ती ओळ आली. सवयीने सगळे थांबले. भोंगाबाई थांबली नाही. भरल्या चर्चमध्ये तिचा एकटीचा आवाज खणखणत निघाला आणि मध्येच फुटला. तेवढ्यात पाचव्या बाकावरून एक बारीक आवाज पुढे आला. उरलेली ओळ दोघींनीच पुरी केली.

बाहेर पायरीवर भोंगाबाईने तिला गाठलं. "तूही म्हणत नव्हतीस होय गं? मला वाटलं, सगळ्यांसारखी माझ्यामागे थांबतेस."

"कुठल्या तोंडाने म्हणणार, ताई?" जाऊ हुंदके देत म्हणाली. "झगा मीच जाळला."

"ते मला काय सांगतेस? मी होते तिथे! मालकीणबाईंना सांग."

"उद्याच सांगते."

"आणि इस्त्री काय धरतेस ती! माझं नाव घालवलंस," म्हणत भोंगाबाईने तिला पोटाशी धरलं आणि स्वतःच भोंग्यासारखी रडली.

पुढच्या महिन्यात ती डोळे पुसणारी पाहुणी पुन्हा आली. उपासनेनंतर तिने पाळकांना गाठून विचारलं, "ती मौनाची सुंदर पद्धत तुम्ही बंद का केलीत?"

पाळक म्हणाले, "जिने सुरू केली होती, तिला आता बरं वाटतंय."