तक्रारीची दखल

आयुष्यभर मी तक्रारी लिहिल्या. जिंतूरच्या कॉलेजात ग्रंथपाल होते तेव्हा वाळवीबद्दल, निवृत्त झाल्यावर गल्लीतल्या दिव्याबद्दल, सेलूच्या एसटीच्या वेळेबद्दल. एकीचाही उपयोग झाला नाही. उत्तर येणार नाही याची खात्री असली की माणूस मोकळेपणानं लिहितो.

टेलिफोनच्या नियामकांनी नको असलेल्या कॉलविरुद्ध नियम केले, ते मी सगळे वाचून काढले. घरात एकटीच, वेळ होता. भाषा भारदस्त होती. ग्राहकाची पसंती, ग्राहकाची संमती, ग्राहकाचं हित. इतकी विचारपूस माझी बऱ्याच वर्षांत कोणी केली नव्हती.

नियमांप्रमाणे मला त्रास देणारी एकच व्यक्ती होती. विमा विकणारी एक मुलगी. पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी अकराच्या सुमारास तिचा फोन यायचा. पहिल्यांदा तिनं पाठ केलेलं हिंदी एका दमात म्हणून दाखवलं. मी मराठीत म्हटलं, "बाई, जरा श्वास घे." ती हसली.

"कुठून बोलतेस?"

"देवगाव फाट्याहून. घरूनच करायलेय, मावशी."

"फोन कंपनीचा?"

"कशाचा? सिम माझं, रिचार्ज माझं. कंपनी निसती नंबरांची यादी धाडती."

मी विमा घेतला नाही, तिनंही फार रेटलं नाही. तिच्या सासूचे गुडघे, माझे गुडघे, कापूस वेचायला न मिळणारी माणसं. शेवटी "मग पॉलिसीचं बघा, मावशी" एवढं आपलं कर्तव्य म्हणून.

एकदा मात्र ती मधेच बोलली. "वाढदिवसाच्या शुभेच्छा, मावशी."

"तुला कोणी सांगितलं?"

"यादीत तारीख हाय की. वय बी हाय, पण ते न्हाई सांगत."

त्या दिवशी दुसरा फोन आला नाही. भाचा संध्याकाळी करेल असं वाटलं होतं. माझी जन्मतारीख बाजारात फिरते आणि ती आठवते फक्त बाजारालाच, याचा मला संताप आला. खरं तर राग भाच्याचा होता, पण तो नियामकांच्या तक्रारीच्या अ‍ॅपवर नोंदवता येत नाही. तिची तक्रार मात्र नोंदवता येत होती. नंबर भरला, तारीख भरली. संभाषणाच्या रकान्यात लिहिलं, 'वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. नंतर विम्याचा विषय काढला.' महिनाभर काही झालं नाही की संपादकांना खोचक पत्र लिहायचं ठरवलं होतं. त्याची पहिली दोन वाक्यं तयारही होती.

आठवड्यातच मेसेज आला. तक्रार ग्राह्य. नोंदणी नसताना व्यापारी कॉल केल्याबद्दल सदर व्यक्तीच्या नावावरच्या सर्व जोडण्या बंद.

मी तिचा नंबर लावला. हा क्रमांक सेवेत नाही. म्हणजे तिचा फोन गेला, आणि फोनबरोबर कामही. कंपनीचं काही बिघडलं नसणार. यादी कंपनीकडेच होती.

मदत केंद्राला विचारलं, तक्रार मागे घेता येते का.

"तक्रार खोटी होती का, मॅडम?"

"खरी होती."

"मग अडचण काय आहे?"

अडचणीसाठी त्यांच्याकडे रकाना नव्हता.

नंतरच्या एका सकाळी एसटीनं देवगाव फाट्यावर उतरले. चहाच्या टपरीवर विचारलं, फोनवर विमा विकणारी मुलगी इथं कुठं राहते.

"नाव काय?" टपरीवाला म्हणाला.

नाव मी कधी विचारलंच नव्हतं. तिला माझी जन्मतारीख माहीत होती.

"मावशी, आता घरोघर पोरी फोनवर कायतरी विकायल्यात. कोणती सांगू? तुमचं काम काय हाय?"

तिची माफी मागायचीय, असं अनोळखी माणसाला कसं सांगणार. "विमा घ्यायचाय," मी म्हटलं.

"मग नंबर ठिवून जा. करंल कोणी बी."

त्यानं पुढे केलेल्या पुठ्ठ्याच्या तुकड्यावर मी नंबर लिहिला. नियामकांच्या भाषेत ही माझी संमती होती, स्वखुशीनं आणि लेखी. त्यानं तो पुठ्ठा बिस्किटांच्या बरणीमागे खोचला.

तेव्हापासून तिथून तीन फोन आले. तिघींनी पाठ केलेलं हिंदी म्हणून दाखवलं. मी तिघींना श्वास घ्यायला सांगितलं. हसलं कोणी नाही.